वादी ओढणारे हात

चवथ म्हणजे गणेश चतुर्थी जवळ आली की मालवण-कुडाळकडच्या वाड्यांत भजनाच्या आधीचा एक आवाज ऐकू येऊ लागतो. मांडीशी आडवा घेतलेला पखवाज, त्याच्या तोंडाच्या कडेवर हलके पडणारे हातोडीचे घाव, मग बोटाची एक टिचकी, कान तिरका करून घेतलेला अंदाज आणि पुन्हा घाव. पेटीवरच्या बुवांनी काळी चारचा सूर दाबून धरलेला असतो. पखवाजाचं उजवं तोंड त्या सुराला येऊन मिळेपर्यंत माटवीखाली बसलेलं सगळं घर गप्प असतं. बाहेर कौलांवर पाऊस वाजत असतो आणि खळ्यात पाणी साचलेलं असतं.

तो पाऊस आणि हा पखवाज यांचं जुनं वैर आहे. सिंधुदुर्गात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. या हवेत कातडं ओल पितं, फुगतं, सैल पडतं. सैल पडलं की सूर उतरतो. आणि नेमक्या याच महिन्यांत आमच्याकडे पखवाजाला उसंत नसते. श्रावणात गावोगावी सप्ते बसतात, वाडीवाडीचे पार, म्हणजे भजनाच्या पाळ्या, ठरतात, दिवसरात्र भजन खंडत नाही. पाठोपाठ चवथ. एकेका रात्री एकच भजनी मंडळ चार-पाच घरांत जातं. पोराच्या डोक्यावर इरलं आणि इरल्याखाली पखवाज, अशी वाट तुडवलेली माणसं अजून गावात आहेत. ज्या दिवसांत कातडं सर्वांत नाराज असतं, त्याच दिवसांत त्याला सर्वांत जास्त वाजावं लागतं.

मी लहान असताना मला वाटायचं, पखवाज वाजवणाऱ्यामुळे वाजतो. पुढे एका पावसाळ्यात आमच्या मंडळाच्या पखवाजाची वादी सप्त्याच्या दुसऱ्या रात्री तुटली. वाजवणारा तोच होता, हात तोच होता, पण त्याच्या पुढ्यातलं वाद्य आता एक पोकळ लाकूड होतं. दुसऱ्या दिवशी दोन गावं पलीकडून एका वयस्क माणसाला आणलं. तो ओटीच्या कडेला बसला, तासाभरात वादी सांधून, ओढून, पखवाज उभा करून गेला. त्याला चहा दिला, पैसे दिले. त्याचं नाव मी तेव्हा विचारलं नाही. हा लेख त्या न विचारलेल्या नावाबद्दल आहे.

वेणी घातलेलं वाद्य

पखवाजाकडे नीट पाहिलं तर त्यात लाकूड जेवढं दिसतं त्याहून जास्त कातडं दिसतं. मधलं खोड एकसंध लाकडाचं, आतून कोरलेलं. खैर, शिसव, कधी फणस किंवा आंबा. डावं तोंड मोठं, उजवं लहान. दोन्ही तोंडांवर कातड्याच्या पुड्या. उजव्या पुडीच्या मधोमध काळी शाई, तिच्याभोवती उघडं कातडं म्हणजे लव किंवा मैदान, आणि कडेला दुसऱ्या कातड्याचा पट्टा, तो चाट. डाव्या पुडीवर वाजवायच्या वेळी मळलेली कणीक थापतात आणि वाजवून झालं की खरवडून काढतात.

या सगळ्याला बाहेरून बांधून ठेवतो तो गजरा. नाव ऐकून केसांत माळायचा गजरा आठवतो आणि रूपही तसंच आहे. पुडीच्या कडेला बारीक छेद पाडून त्यांतून कातड्याच्या पट्ट्या एकमेकींच्या वरखाली घेत, गोल फिरत घातलेली ही वेणी. गजऱ्यात ठरावीक अंतरावर जागा सोडलेल्या असतात, त्यांना घरं म्हणतात. तबल्याच्या गजऱ्याला अशी 16 घरं असतात. घरांतून वादी जाते. वादी म्हणजे कातड्याची लांबच लांब पट्टी. पखवाजात ती एका तोंडाच्या गजऱ्यातून निघते, खोडावरून धावत दुसऱ्या तोंडाच्या गजऱ्यात शिरते, वळते आणि परत येते, असं करत पूर्ण वेढा घालते. वादीच्या खाली लाकडाचे गठ्ठे सरकवलेले असतात. गठ्ठा एका बाजूला सरकवला की ताण वाढतो, सूर चढतो. बारीक फरक हवा असेल तर गजऱ्यावर हातोडी. घाव एका दिशेने पडला की सूर चढतो, उलट दिशेने पडला की उतरतो.

पखवाज लावणारा माणूस गजऱ्यावर एकाच जागी ठोकत नाही. एका घरावर घाव घातला की तो समोरच्या घराकडे जातो, मग त्याच्या शेजारच्या, मग त्याच्या समोरच्या. पुडीच्या संपूर्ण वर्तुळात ताण सारखा हवा. एका बाजूला कमी, एका बाजूला जास्त झाला तर सूर फाटतो, एकाच्या जागी दोन आवाज ऐकू येतात. वादी एकसलग असते म्हणून एका घरात ओढलेला ताण थोडा पुढच्या घराकडे सरकतो. सगळा वेढा मिळून भार वाटून घेतो. वेणीचं हे शहाणपण आहे. तीत एकही पेड एकटा ओझं उचलत नाही.

कातड्याची वाट

पुडीला लागतं शेळीचं कातडं, पातळ आणि एकसारखं. वादीला लागतं म्हशीचं, जाड आणि चिवट. चप्पल-बुटांसाठी कातडं कमावतात तसं हे कमावलेलं नसतं. ओलं असताना लवचीक, वाळलं की ताठ, असा कच्च्या कातड्याचा स्वभाव त्यात तसाच राखलेला असतो. वाद्याला तोच स्वभाव हवा. ओलेपणी जसं वळवाल तसं वळतं आणि वाळताना आपसूक आवळून घेतं.

लांब वादी कापायची एक रीत आहे आणि ती पाहताना डोळे खिळून राहतात. कातडं चौकोनी असलं तरी पट्टी सरळ कापत नाहीत. तसं केलं तर हातभर लांबीचे तुकडे मिळतील आणि त्यांना सांधे द्यावे लागतील. म्हणून कडेकडेने सुरुवात करून गोल फिरत, आत आत जात कापतात. एका कातड्यातून एकच सलग पट्टी निघते आणि शेवटी मध्यभागी तळहाताएवढा तुकडा उरतो. हात थरथरला, पट्टी एका जागी अरुंद झाली, तर ती वादी पुढे तिथेच तुटणार. रुंदी मोजायला पट्टी नसते. डाव्या हाताचा अंगठा हेच माप असतं.

कापलेली वादी भिजवतात, ताणतात. भरायच्या वेळी पुन्हा ओली करतात. मग खोडाला पाय लावून, पाठीचा जोर घालून एकेका घरातून ओढून घेतात. हे काम बोटांचं दिसतं, पण ते कमरेचं आणि खांद्यांचं आहे. पहिल्या वेढ्यात सैल, दुसऱ्यात घट्ट, तिसऱ्यात आणखी घट्ट. मग वाळायला ठेवतात आणि वाळल्यावर पुन्हा ओढतात. पखवाज दुसऱ्या दिवशी कसा बोलेल हे पहिल्या दिवशीच्या ओलेपणावर ठरतं. वादी फार ओली असताना ओढली तर ती लांबते आणि पातळ पडते, फार कोरडी असताना ओढली तर चिरते. ती नेमकी वेळ बोटाला कळते आणि बोटाला कळायला काही वर्षं जातात.

आमच्या किनाऱ्याला पीळ आणि वेणी यांची ओळख नव्याने करून द्यायला नको. काथ्याचं सुंभ इथे घरोघरी वळलं गेलं. खाडीच्या चिखलात नारळाची सोडणं महिनोन्‌महिने कुजवायची, बडवून काथ्या मोकळा करायचा, दोन पेड मांडीवर वळायचे. रापणीचे दोर, होड्यांचे दोर, जाळ्यांच्या गाठी, सगळीकडे तेच ज्ञान. एकट्या धाग्यात ताकद नसते, ती पिळात येते. सुंभ जळलं तरी पीळ जात नाही ही म्हण आपण हट्टी माणसाला लावतो. दोर वळणाऱ्याच्या तोंडी तीच म्हण कामाचं कौतुक ठरावी.

शाई, ताण आणि रमण

उजव्या पुडीवरची शाई म्हणजे लोखंडाची बारीक पूड आणि भाताची खळ यांचा लेप. तो एकदम थापत नाहीत. पातळ थर द्यायचा, गुळगुळीत दगडाने घासायचा, वाळू द्यायचा, मग पुढचा थर. मध्यभागी जाड, कडेला पातळ. घासून घासून शाईत डोळ्यांना जेमतेम दिसतील अशा भेगा पडाव्या लागतात, नाहीतर ती ताठ राहते आणि खाली कातड्याला हलू देत नाही.

असं का करायचं, हे शाई भरणाऱ्याला पुस्तकातून कोणी शिकवलेलं नव्हतं. कारण शोधलं चंद्रशेखर वेंकट रमण यांनी. ते कलकत्त्यात प्राध्यापक असताना, 1920 मध्ये, शिवकाली कुमार यांच्यासोबत त्यांनी ‘नेचर’ या नियतकालिकात भारतीय तालवाद्यांवर एक टिपण प्रसिद्ध केलं. साध्या ढोलाच्या कातड्यातून मूळ स्वराबरोबर जे वरचे स्वर निघतात त्यांचं मूळ स्वराशी पूर्णांकात नातं नसतं, म्हणून तो आवाज धप्पकन येतो आणि त्याला सूर नसतो. मृदंग आणि तबल्याच्या पुडीवर मात्र मध्ये जड आणि कडेला हलका असा लेप असल्यामुळे हे वरचे स्वर तारेच्या वाद्यासारखे एका मालिकेत येऊन बसतात. 1934 मध्ये रमण यांनी याच विषयावर सविस्तर शोधनिबंध लिहिला. तोवर त्यांना नोबेल पारितोषिक मिळून चार वर्षं झाली होती. जगाला प्रकाशाचं विकिरण समजावणारा माणूस तेव्हाही कातडं आणि भाताच्या खळीकडे आदराने पाहत होता.

या गणिताला एक अट आहे. पुडीवरचा ताण सगळीकडे सारखा असला पाहिजे. शाई कितीही उत्तम भरली आणि गजरा एका अंगाला ढिला राहिला, तर सगळं गणित मोडतं. रमणांच्या सिद्धांताच्या खाली, कोणाच्या नजरेला न पडता, कातड्याची एक वेणी भार धरून उभी आहे.

नाट्यशास्त्रात या वाद्यांच्या जन्माची एक कथा आहे. स्वाती नावाचे ऋषी पावसाळ्यात पाणी आणायला तळ्यावर गेले. वाऱ्याबरोबर सरी आल्या आणि कमळाच्या लहान, मध्यम, मोठ्या पानांवर थेंब पडून निरनिराळे आवाज उठले. ते त्यांनी मनात साठवले आणि त्यांतून मृदंगासारखी वाद्यं घडवली. कोकणात बसून ही कथा वाचली की ती खरी वाटते. पावसानेच हे वाद्य सुचवलं आणि पाऊसच ते बिघडवतो.

लगामाची वेणी

गजऱ्यातल्यासारखी कातड्याची वेणी घालण्याचं बहुधा सर्वांत कसून केलेलं काम जगात घोड्यांसाठी झालं. आपल्याकडेही झालं. लगाम, तंग, दुमची, मोहरकी, रिकिबीचे पट्टे, खोगिराची शिवण, हे सगळं कातड्याचं आणि सगळं प्राणावर बेतणारं. मराठ्यांच्या फौजेत शिलेदाराचा घोडा आणि साज स्वतःचा असे, बारगिराला दोन्ही सरकारी पागेतून मिळे. एवढ्या घोड्यांना जीन पुरवणारा एक पूर्ण समाज उभा राहिला, जीनगर. नावातच काम. 1818 मध्ये पेशवाई गेली, फौजा विखुरल्या, जिनांची मागणी आटली आणि जीनगरांना दुसरे उद्योग धरावे लागले. कोणी मूर्ती घडवू लागले, कोणी चित्रं काढू लागले, कोणी पेट्या-कुलपं दुरुस्त करू लागले. फौजेचा इतिहास लिहिताना लढायांची यादी होते, तंग कोणी शिवला हे त्यात येत नाही. पण तंग तुटला असता तर स्वार खाली आला असता.

पुढे इंग्रजी फौजेसाठी हिंदुस्थानात घोडे येऊ लागले ते ऑस्ट्रेलियातून. न्यू साउथ वेल्सवरून त्यांना वेलर म्हणत. मद्रास, कलकत्ता आणि मुंबईच्या बंदरांत ते उतरत. त्या ऑस्ट्रेलियातल्या गुराख्यांनी आणि साज बनवणाऱ्यांनी वेणीसाठी निवडलेलं कातडं आहे कांगारूचं. कांगारूच्या कातड्यातले तंतू बहुतांशी कातड्याच्या पृष्ठभागाला समांतर, एका दिशेने मांडलेले असतात. गाईच्या कातड्यात ते वेड्यावाकड्या जाळीसारखे असतात. त्यामुळे गाईचं कातडं तासून पातळ केलं की त्याची ताकद झपाट्याने जाते, कांगारूचं मात्र पातळ केलं तरी बरीचशी राहते. पातळ आणि तरी बळकट पट्टी मिळाली की बारीक वेणी घालता येते, आठ पेडी, बारा पेडी, त्याहून जास्त. लगाम, मोहरकी, चाबूक, सगळं त्यातून होतं.

तिथला वेणीकार काय करतो ते ऐकलं की आपला वादीवाला आठवतो. तोही कातडं कडेकडेने गोल कापत एकच सलग पट्टी काढतो. तोही ती आधी ताणून घेतो, म्हणजे नंतर घोड्याच्या ओढीने लांबायला नको. पट्टीच्या कडा तिरप्या तासतो, म्हणजे वेणीत पेड एकमेकांवर नीट बसतात. साबण आणि चरबी एकत्र करून पट्टीला चोळतो, म्हणजे ओढताना ती घासून झिजत नाही. आणि प्रत्येक पेड सारख्याच जोराने ओढतो. एक पेड सैल राहिला तर लगाम हातात गाठाळ लागतो आणि त्याच जागी आधी झिजतो. घोड्याच्या तोंडातल्या कडीपासून स्वाराच्या बोटांपर्यंत जे काही बोलणं होतं ते या वेणीतून होतं. पखवाजातही तसंच होतं. वादी नीट ओढलेली असेल तर हात जे सांगतो ते पुडीपर्यंत पोचतं.

कांगारूच्या कातड्यावर आज तिकडे मोठा वाद आहे. रानातल्या कांगारूंची शिकार करून ते मिळतं, म्हणून 2023 मध्ये नायकी आणि प्युमा या कंपन्यांनी फुटबॉलच्या बुटांत ते वापरणं थांबवण्याची घोषणा केली. कातडं कुठून येतं, कोणाच्या मरणातून येतं, हा प्रश्न जगात सगळीकडे विचारला जातोय आणि तो विचारला गेलाच पाहिजे. आपल्याकडे त्या प्रश्नाच्या शेजारी आणखी एक प्रश्न शतकानुशतकं बसून आहे. कातड्याला हात लावणाऱ्या माणसाचं आपण काय केलं?

देवळाच्या आत, देवळाच्या बाहेर

देवळात शिरताना आपण चप्पल बाहेर काढतो. कित्येक जण कमरेचा पट्टाही काढून ठेवतात, कारण चामडं देवापुढे चालत नाही. आणि आत, देवाच्या अगदी समोर, शेळीच्या कातड्याच्या पुड्या आणि म्हशीच्या कातड्याची वादी असलेला पखवाज घुमत असतो. त्याला कोणी अडवत नाही. त्याला हळदकुंकू लावतात, फूल वाहतात, चुकून पाय लागला तर नमस्कार करतात.

मेलेलं जनावर ओढून नेणं, सोलणं, कातडं कमावणं, वाद्या कापणं, दोर वळणं ही कामं गावगाड्याने ज्या समाजांवर टाकली होती, त्यांना मात्र याच देवळांची पायरी चढता येत नव्हती. चौदाव्या शतकातले संत चोखामेळा पंढरपुरात विठ्ठलाच्या दारात उभे राहिले आणि दारातच राहिले. त्यांची समाधीही महाद्वाराबाहेर, पायरीशी आहे. आत टाळ-मृदंग वाजत होते. कातडं आत जात होतं, कातड्याला आकार देणारे हात बाहेर होते.

विठ्ठलाचं ते मंदिर सर्वांना खुलं व्हावं म्हणून 1947 च्या मे महिन्यात उपोषणाला बसले ते आपल्या कोकणातल्या पालगडचे साने गुरुजी. 1 मे ते 10 मे, दहा दिवस. त्यानंतर दार उघडलं. त्याआधी 1931 मध्ये रत्नागिरीत भागोजीशेठ कीर यांच्या पैशातून सर्व जातींसाठी पतितपावन मंदिर उभं राहिलं होतं. या तारखा फार जुन्या नाहीत. 1947 ची तर आज ऐंशी-नव्वदीत असलेल्या माणसांच्या हयातीतली आहे.

दक्षिणेतही चित्र असंच होतं. कर्नाटक संगीतातले गायक टी. एम. कृष्ण यांनी 2020 मध्ये ‘सेबास्टियन अँड सन्स’ हे पुस्तक मृदंग बनवणाऱ्या कुटुंबांवर लिहिलं. त्यांतली बरीच कुटुंबं दलित ख्रिस्ती. मोठमोठ्या वादकांचा नाद या कारागिरांच्या हातांनी आणि कानांनी घडवला. वादकांना सभागृहं मिळाली, कारागिरांना बहुतेक वेळा मागचं दार. महाराष्ट्रातही आपण पखवाजाच्या परंपरेचं नाव घेताना नाना पानसे यांचं घराणं सांगतो, गुरुशिष्यांची नावं सांगतो. ती सांगायलाच हवीत. पण त्या वंशावळीत गजरा घालणारा कुठेच येत नाही.

पान्याने लागणारा सूर

गेल्या काही दशकांत पखवाज आणि ढोलकीला नटबोल्ट आले. गजऱ्याच्या जागी लोखंडी कडं, वादीच्या जागी लोखंडी सळ्या, गठ्ठ्यांच्या जागी पाना. याला मी दोष देणार नाही. डबलबारीत, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्यात, समोरच्या बुवांची पट्टी वेगळी असते, आपली वेगळी, मध्ये वेळ थोडा. भर पावसात एका घरातून दुसऱ्या घरात जाताना सूर उतरला तर दोन मिनिटांत पान्याने चढवता येतो. दशावतारी मंडळाचा मृदंग कार्तिकापासून मे महिन्यापर्यंत रोज नव्या गावच्या जत्रेत, दवात आणि धुक्यात, पहाटेपर्यंत वाजतो. त्याला सोय हवीच. ज्या वाडीत वादी ओढणारा कोणी उरला नाही, तिथे नटबोल्टने भजन जिवंत ठेवलं आहे.

पण त्या सोयीत काय गेलं तेही सांगितलं पाहिजे. प्रत्येक बोल्ट आपापला ताण धरतो, शेजाऱ्याला देत नाही, म्हणून प्रत्येक बोल्ट वेगळा लावावा लागतो आणि घाईत वर्तुळ वाकडं राहतं. लोखंडाने वजन वाढतं. आणि समुद्राच्या खाऱ्या हवेत लोखंड गंजतं, हे मालवणच्या माणसाला सांगायला नको. खरं नुकसान मात्र कानाचं आहे. वादीच्या पखवाजाशी वादकाला रोज बोलावं लागतं. आज हवा कशी आहे, कातडं काय म्हणतंय, कोणत्या घराला किती घाव लागेल, हे त्याला ठाऊक असावं लागतं. वादी ओढणारा आणि वाजवणारा एकमेकांना ओळखत असत. आता तयार पुड्या शहरातून येतात, वादीची बंडलं दुकानात मिळतात आणि गावात दुरुस्ती करणारा हात वर्षागणिक दुर्मीळ होतोय. त्याची मुलं हे काम शिकत नाहीत, याचं कारण फक्त पैसा नाही. ज्या कामाने बापाला ओटीच्या कडेला बसवलं, ते काम मुलाने का उचलावं?

कोणाचं नाव

आपल्या जिल्ह्यात चामड्याची आणखी एक कला आहे. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलावंत चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ करतात. झिरझिरीत केलेल्या कातड्यातून दिव्याचा उजेड पडदाभर रामायण उभं करतो. पिंगुळीच्या परशुराम विश्राम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा जिल्ह्याला आनंद झाला आणि पिंगुळीची पोरंही आता ती कला अभिमानाने दाखवतात. नाव मिळालं की कलेच्या पाठीचा कणा ताठ होतो, हे आपण डोळ्यांनी पाहिलं आहे.

कोल्हापुरी चपलेची गोष्टही ताजी आहे. तिच्या पट्ट्यावरची कातड्याची वेणी तिची ओळख. 2019 मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांच्या नावे तिला भौगोलिक मानांकन मिळालं. जून 2025 मध्ये मिलानच्या एका प्रदर्शनात प्राडा कंपनीने तशाच चपला दाखवल्या आणि त्या कुठल्या हे सांगितलं नाही. महाराष्ट्रातून ओरड झाली, तेव्हा कंपनीने भारतीय कारागिरीतून प्रेरणा घेतल्याचं मान्य केलं. आपण चिडलो ते बरोबरच होतं. पण दूरच्या कंपनीला नाव विचारणारे आपण, आपल्या वाडीतल्या पखवाजाची वादी कोणी ओढली हे कधी विचारतो का? 2024 मध्ये मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला मानांकन मिळालं, त्याचा आनंद आहे. आपल्या पखवाजाकडे आणि मृदंगाकडेही त्याच नजरेने पाहायला हवं.

चर्मोद्योगासाठी राज्यात 1974 पासून महामंडळ आहे, संत रोहिदासांच्या नावाचं. पादत्राणांबरोबर तिथे पुडी, गजरा आणि वादीचं शिक्षण नेहमीचं झालं, शिकणाऱ्याला वेतन मिळालं, तर हा हात टिकू शकतो. आमच्या शाळांमधून पखवाज शिकवणारे वर्ग निघाले आहेत, ते चांगलं आहे. त्या वर्गात वर्षातून दोन दिवस वादी ओढणाऱ्या माणसाला गुरू म्हणून बोलवा. मुलांना ओली वादी हातात घेऊ द्या, एक घर स्वतः ओढू द्या. मग त्यांच्या थापेचा आदर वाढेल.

आणि एक काम असं आहे, ज्याला ना महामंडळ लागतं ना मानांकन. डबलबारीची पत्रकं छापली जातात, चवथीच्या भजनाचे फलक लागतात, सप्त्याची पत्रिका निघते. त्यांवर बुवांचं नाव असतं, पखवाजवादकाचं असतं, तबलावादकाचं आणि चक्की वाजवणाऱ्याचं असतं, मंडप आणि ध्वनिव्यवस्था कोणाची तेही असतं. त्याखाली एक ओळ वाढवा. पखवाजाची वादी अमुक यांनी ओढली. नाव आणि गाव.

त्या सप्त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या ओटीच्या कडेला बसलेल्या माणसाला मी पुढे शोधत गेलो. उशीर झाला होता, तो गेला होता. त्याने ओढलेली वादी आमच्या मंडळाच्या पखवाजावर अजून आहे. तुमच्या वाडीतला तो माणूस जिवंत असेल, तर या चवथीच्या आधी त्याच्या घरी जा. त्याला ओटीच्या मधोमध बसवा आणि नाव विचारा.